चार बोटांची दुमड

लिहायचंच असलं ताई, तर आधी हे लिहा, की मला व्यापारातलं काही कळत नाय असं सगळे म्हणतात, आमचे हेबी म्हणतात, पण फ्रॉकचा भाव कशानं पडला ते मला जेवढं कळलं तेवढं त्या रतनशेठलाबी नाय कळलं, कारण गिऱ्हाईक हळहळायचं त्याच्या दुकानात आन् कात्री चालायची माझ्या घरात. सांगते. पण पहिल्यापासून सांगते, नायतर तुम्ही म्हणाल बाई नुसतीच चिडतीय.

माझं माहेर चांदवडच्या अलीकडं, हायवेपासून आत बैलगाडीच्या वाटेनं गेलं की आमची वस्ती. नाव माझं शकुंतला, पण शकू म्हटल्याबिगर कोणी हाक मारली नाय. वडील कांदा लावायचे. कांद्याचा भाव सकाळी एक आन् दुपारी दुसरा, ते मी लहानपणापासून बघितलं, त्याचं मला नवल नाय, कांदा सडतो, त्याला कोंब येतो, तो थांबत नाय. पण फ्रॉक काय सडतो का? ते मी पुढं सांगते. तर आमच्या घरात माझी आत्या व्हती, तिच्याकडं हातानं फिरवायची मशीन, आन् अख्ख्या गावातल्या पोरींचे फ्रॉक ती शिवायची. वर्षाला एक फ्रॉक, दिवाळीला. आन् आत्याचा एक नियम व्हता, खाली घेराला चार बोटं कापड आत दुमडायचं. पोरगी वाढली की पुढच्या वर्षी फ्रॉक घेऊन यायची, आत्या ब्लेडनं दुमड उसवायची, एक बोट खाली सोडायची, परत टीप मारायची. त्याचे पैसे घ्यायचे नाय. मी विचारलं एकदा, आत्या पैसे का नाय घेत, तर म्हणाली अगं ते कापड तिचंच हाय, मी फक्त आत ठेवलं व्हतं. उसवलेल्या जागी गडद पट्टा दिसायचा, कारण वरचं कापड उन्हानं विटलेलं आन् आतलं नवंकोरं. कोणत्या पोरीच्या फ्रॉकला किती पट्टे त्यावरनं आम्ही सांगायचो फ्रॉक किती वर्षांचा हाय.

लग्न करून नाशिकला आले, पंचवटीत. हे सातपूरला कारखान्यात. मी घरात बसून काय करू, आत्याचं शिकलेलं व्हतंच, पायमशीन घेतली आन् फ्रॉक शिवायला लागले. नव्वद सालच्या आसपासचं सांगतीय मी हे. एक दिवस चार फ्रॉक पिशवीत घालून मेनरोडला गेले, दोन दुकानांनी हात हलवला, तिसरं दुकान रतनशेठचं. त्यानं फ्रॉक उलटा केला, शिवण ओढून बघितली, मंग खालची दुमड उघडून बघितली आन् म्हणाला, एवढं कापड आत? मी म्हटलं आमच्यात असंच असतं. म्हणाला ठीक आहे, दोन डझन आणा. त्याच्या गल्ल्याच्या वरती पाटी व्हती, एकच भाव. घासाघीस करायची नाय. ती पाटी मला लय आवडायची. मी त्याला फ्रॉक नव्वदला द्यायची, तो एकशे तीसला विकायचा, आन् ते सगळ्यांना माहीत असायचं, ज्या बाईनं आज घेतला तिनंबी एकशे तीसला आन् जिनं परवा घेतला तिनंबी एकशे तीसला.

मंग काम वाढलं. माझ्याकडं चार मशिनी झाल्या, गल्लीतल्या चार बाया यायच्या. मंगल म्हणून व्हती, तिचा हात काज-बटणाला इतका सफाईदार की शेठ म्हणायचा हे मशीनचं काम हाय का हाताचं. पोळा झाला की दिवाळीचा माल सुरू व्हायचा आन् घरात जेवायला जागा नसायची, जिकडं तिकडं घेर. आन् दिवाळी झाली की बाया आपापल्या पोरींना घेऊन माझ्या दारात, मागच्या वर्षीची दुमड उसवायला. शेठच गिऱ्हाइकाला पत्ता द्यायचा. मी फुकट उसवून द्यायची. हे म्हणायचे फुकट कशाला, पण काय सांगू तुम्हाला, त्याच बाया पुढच्या वर्षी दुकानात जाऊन विचारायच्या, त्या पंचवटीवालीचे फ्रॉक आले का. माझं सगळं दुकान त्या दुमडीवर उभं व्हतं, असं समजा.

त्यातल्याच एक दीक्षित बाई. शाळेत शिक्षिका, दोन मुली, बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. एका दिवाळीला त्यांनी मोठीसाठी पिवळा फ्रॉक घेतला, पांढरी लेस लावलेला, आन् धाकटीला निळा. एकशे तीसचा एक. त्याच वर्षी काय झालं, मेनरोडच्या टोकाला एक नवं मोठं दुकान निघालं, काचेचं, आन् दिवाळी झाल्याबरोबर त्यांनी कापडाचा फलक लावला, सेल. रतनशेठकडं थोडा माल उरला व्हता. दर वर्षीच उरायचा, तो पुढं लग्नसराईत जायचा, कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण तिथली गर्दी बघून ह्यानंबी घाईघाईनं सेल लावला. सगळे फ्रॉक पासष्ट.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानात बसले व्हते आन् दीक्षित बाई आल्या. ओरडल्या नाय. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, शेठ, काल आमच्याकडे तुळशीचं लग्न होतं, जाऊबाई आल्या, त्यांच्या मुलीच्या अंगात हाच पिवळा फ्रॉक, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी मला विचारलं, तू कितीला घेतलास. शेठ म्हणाला बाई, फरक परत देतो तुम्हाला, घेऊन जा. तर त्या म्हणाल्या, पैशांचं नाही हो, मी पंधरा दिवस आधी घेतला म्हणून मूर्ख ठरले, ते कसं परत देणार? आन् गेल्या. त्याच दिवशी एक माणूस आला, पोरीला घेऊन, तो सेलसाठी दिवाळीभर थांबलेला, पोरगी दिवाळीत जुन्या फ्रॉकवर राहिली, आन् आता तिच्या मापाचा एकबी नाय. तोबी तसाच तोंड पाडून गेला. म्हणजे बघा ताई, जिनं घेतला ती हळहळली आन् जो थांबला तोबी हळहळला, आन् शेठ म्हणतो माल खपला. खपला!

मला लय राग आला. मी शेठला म्हटलं, पुढच्या वर्षी मी मोजकाच माल देते, काही उरणार नाय, तुम्ही पाटी लावा, यंदा सेल नाय म्हणून. ही अक्कल माझी, हे लिहा, मी लपवणार नाय. शेठला पटलं. गणपतीतच त्यानं पाटी रंगवून घेतली, लाल अक्षरात. आन् गिऱ्हाईक काय करायचं, पाटी वाचायचं, हसायचं आन् म्हणायचं, लावतील हो लावतील. फ्रॉक हातात घ्यायचं, माप बघायचं, रंग ठरवायचं, आन् ठेवून द्यायचं. धनत्रयोदशी आली तरी गठ्ठे तसेच. फ्रॉक काय कांदा हाय का, की आज नाय घेतला तर उद्या नासेल, पण लोक आता फ्रॉकचाबी कांद्यासारखाच भाव पडायची वाट बघायला लागले.

त्या दिवाळीच्या आधी दीक्षित बाई माझ्याकडं आल्या व्हत्या, पिवळ्याची दुमड उसवायला. मी एक बोट सोडलं, टीप मारली, छान पट्टा दिसला. मंग त्यांनी विचारलं, शकूबाई, धाकटीला नवा घ्यायचाय, खरं सांगा, सेल लागणार का? मी म्हटलं बाई, बिनधास्त घेऊन टाका, यंदा सेल नाय, माझा शब्द. त्यांनी घेतला. पूर्ण भावानं. आन् भाऊबीज झाल्यावर तिसऱ्या दिवशी रतनशेठनं पाटी उतरवली आन् सेल लावला. मी धावत गेले. तो बिचारा गठ्ठ्यांच्या मधी बसलेला, म्हणाला शकूबाई, मी काय करू, मी खरं बोललो तर गिऱ्हाईक हसतं, आणि ज्यांनी खरं मानलं तेवढेच फसले. त्याचं तोंड बघून मी तशीच घरी आले. पण दीक्षित बाईंना दिलेला शब्द माझा व्हता, त्याचा नव्हता.

पुढच्या वर्षी काय झालं ते नीट ऐका, कारण सगळी गोम इथं हाय. पोळ्याच्या आधीच शेठनं मला बोलावलं आन् म्हणाला, आता आधी सेलचा भाव धरायचा आणि मग मागे यायचं. म्हणजे कसं, म्हटलं. तर म्हणाला, लेबलवर छापायचे दोनशे वीस, त्यावर फुली मारायची, खाली लिहायचं एकशे दहा, पहिल्या दिवसापासून, म्हणजे आधी घेणाऱ्यालाही वाटेल आपण जिंकलो. आणि तुम्ही मला सत्तरला द्यायचा. मी म्हटलं शेठ, कापड तेच, लेस तीच, मंगलचा हात तोच, वीस रुपये कुठनं काढू? तर म्हणाला ते तुम्ही बघा, नाहीतर बाहेरून तयार माल पासष्टला यायला बसलाय. मी कापडवाल्याकडं गेले, तो म्हणाला याच भावात हवं तर पातळ पॉपलीन घ्या. बायांची मजुरी कमी करू? मंगलच्या घरी तिच्या एकटीच्या शिवणावर चूल पेटायची. चार मशिनी म्हणजे चार घरं. दोन दिवस मी कात्री हातात घेऊन नुसती बसले. आन् मंग मी दुमड कापली.

एकदम नाय कापली. आधी चाराची दोन बोटं केली. तरी बसेना. मंग मी एक हुशारी केली. घेर दुमडीच्या रेघेवरच तोडला आन् आतल्या बाजूनं दुसऱ्या हलक्या कापडाची पट्टी लावली, चांगली चार बोटं रुंद. बाहेरनं हात लावला तर लागावी दुमड हाय म्हणून. शेठनं नेहमीसारखी चाचपून बघितली आन् डझन मोजून घेतले. मंगल मात्र पट्टी लावताना थांबली. म्हणाली, ताई, हे उसवायला आपल्याकडंच येतील ना? मी म्हटलं तू गप शिव.

काय सांगू तुम्हाला, इतकी साधी गोष्ट मला कळली नसंल का? कळली व्हती. मला वाटलं एक वर्ष हाय अजून, तवर भाव वर येतील.

भाव काय वर आले नाय. वर्षानं दीक्षित बाई आल्या. त्यांच्या हातात गुलाबी फ्रॉक, धाकटीचा, सेलमधला. त्या वर्षी त्या थांबल्या व्हत्या, दिवाळी जाऊ दिली, फुली मारलेल्या एकशे दहावरबी आणखी फुली पडायची वाट बघितली, आन् ऐंशीला घेतला. बसल्या, पाणी प्यायल्या, हसून म्हणाल्या, गेल्या दिवाळीला मी जाऊबाईंना दाखवलं बरं का. आन् फ्रॉक माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, दोन बोटं सोडा, ती फार उंच झालीय. बाया मशिनी थांबवून बघायला लागल्या. मी म्हटलं उद्या देते, ठेवून जा. त्या म्हणाल्या, अहो नेहमी लगेच देता. मंग काय करणार, ब्लेड घेतलं आन् उसवलं. आतनं पांढरी जाळीदार पट्टी निघाली, मांडीवर पडली. गुलाबी कापड एक सूतबी नव्हतं.

मी खाली मान घालून म्हटलं, बाई, एवढ्या भावात नाय बसत हो. त्यांनी ती पट्टी उचलली, हातात फिरवली आन् म्हणाल्या, हे तुम्ही केलंत? तुम्ही? आन् मला काय झालं कोण जाणे, मला रडू यायला पाहिजे व्हतं तर मला राग आला. मी म्हटलं, तुम्ही थांबलात म्हणून हे झालं! तुम्ही दिवाळी घालवली, सगळ्यांनी घालवली, शेठनं भाव पाडला, त्यानं माझा पाडला, मी कोणाचा पाडू? माझ्या खाली फक्त कापड व्हतं! मंगल माझा हात धरायला उठली. दीक्षित बाई उठल्या, आवाज चढला नाय त्यांचा, म्हणाल्या, मी का थांबले शकूबाई? मी दोनदा वेळेवर घेतला. दुसऱ्यांदा तर तुमच्या शब्दावर घेतला. तुमच्या शब्दावर फसले, म्हणून थांबले.

त्यांचं खरं आन् माझंबी खरं. त्या फ्रॉक घेऊन गेल्या, पट्टी माझ्या मांडीवर राहिली.

मी शेठला सांगून आले, मी दुमडीचाच माल देईन, नव्वदला, नायतर देणार नाय. तो म्हणाला बाई, नव्वदचा फ्रॉक मी फुली कशी मारून विकू? त्याचंबी चुकलं असं नाय म्हणत मी. सहा महिन्यांनी बाहेरचा माल आला, पिशवीत घातलेला, कडक, एक धुणं झालं की घेर वाकडा. एक-एक मशीन बंद झाली. मंगल सातपूरला डबे भरायच्या कामाला लागली, तो काज-बटणाचा हात पोळ्या लाटतोय, मला ती भेटली रस्त्यात की मी दुसरीकडं बघायची. लय वर्षं बघितलं मी दुसरीकडं. शेठनंबी दुकान मुलाच्या हाती दिलं, त्यानं तिथं मोबाइलचं काढलं.

आन् आता बघा काय मजा हाय. मजा म्हणायची आपली. दोन हजार सालानंतर कॉलेज रोडला मोठमोठी दुकानं झाली, मॉल झाले, आता बाराही महिने सेल. गुढीपाडव्याला सेल, आषाढात सेल, पंधरा ऑगस्टला सेल. एकावर एक फुकट. बाया काय करतात, स्वस्त दिसलं की घेतात, माप नसलं तरी घेतात, परत मिळायचं नाय म्हणून. घरी जाऊन घालतात आन् हळहळतात. मंग ते घेऊन माझ्याकडं येतात. शकूबाई, जरा आत घ्या, शकूबाई, बाह्या काढा, शकूबाई, हे का घेतलं मी तेच कळत नाही. दारावर माझी पाटी हाय, अल्टर करून मिळेल. आधी लोकांची हळहळ माझं पोट मारायची, आता तीच पोट भरते. मला काय ह्यात आनंद वाटतो असं समजू नका. नव्या कोऱ्या कपड्याला पहिल्याच दिवशी कात्री लावायची, माझा हात अजून अडखळतो.

परवा, म्हणजे महिना झाला असंल, दारात एक म्हातारी बाई उभी. चष्मा, पांढरे केस, हातात दोन पिशव्या. आवाज ऐकल्यावर ओळखलं. दीक्षित बाई. इतक्या वर्षांनी. पहिल्या पिशवीतनं कुर्ता काढला, चांगला दोन मापं मोठा, म्हणाल्या हसू नका, सेलमध्ये घेतला. मी हसले नाय, माप घेतलं. मंग त्यांनी दुसरी पिशवी उघडली. पिवळा फ्रॉक. तोच. पांढरी लेस जरा पिवळी पडलेली, बाकी शिवण जशीच्या तशी. म्हणाल्या, मोठीनं घातला, धाकटीनं घातला, गावाकडच्या भाचीनं घातला आणि परत आला. खाली तीन पट्टे, एकाखाली एक, प्रत्येक आधीच्याहून गडद. दोन मी सोडलेले, तिसरा कोणा दुसरीनं, टीप जरा वाकडी व्हती. बाई म्हणाल्या, ह्याच्यासाठी मी रतनशेठच्या दुकानात जाऊन काय काय बोलले, आठवतं? आणि आयुष्यात इतकी खरेदी केली, इतके सेल बघितले, हा एकच कपडा असा की जो घेतला म्हणून आता काही वाटत नाही.

मी विचारलं, उसवायचाय का, अजून एक बोट हाय आत. म्हणाल्या, नाही, उलट करायचंय, मोठीला मुलगी झालीय, चार महिन्यांची आहे, तिच्यासाठी परत सगळं आत घ्या.

मी ती वाकडी टीप उसवली. सगळ्यात आतलं ते शेवटचं बोट उघडून बघितलं, ताई, काय सांगू, हळदीसारखं पिवळं, जसं त्या दिवशी कापलं तसं. बाई वाकून बघत व्हत्या. मीबी बघत राहिले. मी म्हटलं, बाई, त्या वर्षी मी पट्टी लावायला नको व्हती. त्या म्हणाल्या, मीही थांबायला नको होतं. एवढंच. मंग मी चार बोटं मोजून आत घेतली आन् टीप मुद्दाम सैल मारली, कारण त्या पोरीला हा फ्रॉक यायला अजून सहा-सात वर्षं हायेत, मी असंन नसंन, कोणालाबी उसवता आली पाहिजे.

कुर्त्याचे पैसे घेतले मी. रीतसर. दुमडीचे त्या देत व्हत्या, नाय घेतले. कापड त्यांचंच हाय.